पिस्तूल धरणारा हात

दहा मीटर एअर पिस्तूलच्या नियमांत एक साधं कलम आहे. ज्या हातात पिस्तूल, त्या हातावर दुसरं काही नको. घड्याळ नको, पट्टा नको, कडं नको, बांगडी नको. मनगट उघडं दिसलं पाहिजे, म्हणजे आधाराला आत काही बांधलेलं नाही याची खात्री पटते. या कलमापायी आमच्या घरात जेवढी आदळआपट झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. आणि कोल्हापूरची पोरगी मद्रासच्या तंजावरी मराठी घरात देतात म्हटल्यावर तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी काही कमी तोंडसुख घेतलं नव्हतं.

मी नोकरी करते इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात. तिथं गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग येतात आणि ते मापात आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. थोडक्यात, लोकांनी बनवलेलं नापास करण्याचा मला पगार मिळतो. माल पुरवणारे येतात, समोर बसतात, कॉफी पितात आणि म्हणतात, "मॅडम, केसभर तर जास्त आहे. कोंजम अ‍ॅडजस्ट पण्णुंगो." थोडं सांभाळून घ्या. या शहरात हे वाक्य दिवसभर कानावर पडतं, रिक्षात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत. मी लाल चिठ्ठी चिकटवते आणि म्हणते, केसभर जास्त म्हणजे जास्त. कारखान्यात माझं एक टोपणनाव आहे. ते तमिळमध्ये आहे आणि लिहिण्यासारखं नाही.

नेमबाजी चाळिशी ओलांडल्यावर सुरू केली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आम्ही राहतो पेरुंगुडीला, तिथं चालायचं म्हणजे आयटीवाल्यांच्या गाड्या आणि पाण्याचे टँकर यांच्या मधून जीव मुठीत धरून चालायचं. तशी चालताना एका इमारतीवर रेंजची पाटी दिसली. वर गेले. वरच्या मजल्यावर पंख्यांच्या घरघरीत माणसं ओळीनं उभी होती, एक हात खिशात, एक हात पुढं, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मला तिथंच राहावंसं वाटलं. जिथं एका जागी गप्प उभं राहणं हाच खेळ आहे आणि कोणी तुम्हाला 'अ‍ॅडजस्ट करा' म्हणत नाही, अशी जागा मी आयुष्यभर शोधत होते.

आता पाटलीचं. माझ्या उजव्या हातात सोन्याची एक पाटली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं चढवलेली. तेव्हा माझे हात काडीसारखे होते, ती सरकन गेली. पुढं बाळंतपण झालं, वजन वाढलं, अंगठ्याखालचं हाड जाड झालं आणि ती कायमची आत अडकली. साबण लावून झाला, खोबरेल लावून झालं, हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ओढूनही झालं. सरावाच्या वेळी आमचे कोच तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. मीही विषय काढत नव्हते.

मग पहिली मॅच आली. मॅचच्या आधी एक टेबल असतं, तिथं प्रत्येकाचं सामान तपासतात. पिस्तूल ठरावीक मापाच्या पेटीत बसतं का बघतात, ट्रिगरला वजन टांगून तो सैल तर नाही ना बघतात, बूट घोट्याच्या वर येत नाहीत ना बघतात. मला ते टेबल फार आवडलं. अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. तपासणारे गृहस्थ पांढऱ्या मिशांचे, शांत. माझं सगळं पास झालं आणि मग त्यांची नजर मनगटावर गेली.

"निघत नाही," मी म्हणाले.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "परवाइल्लै मा. शर्टाची बाही पुढं ओढून घ्या. लेडीज आहात."

परवाइल्लै म्हणजे चालतंय, असू द्या. माझ्या मागं निळ्या टी-शर्टातला एक उंच माणूस उभा होता. तो शेजाऱ्याला हसत म्हणाला, "लेडीजना सवलत." हळूच म्हणाला, पण मला ऐकू येईल एवढं हळू.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाटलीनं नेम सुधारत असता तर आमच्या कोल्हापुरातल्या बायकांनी जगातली सगळी पदकं आणली असती. तिचा काडीचा उपयोग नव्हता, उलट ती हाडावर टोचायची. पण ते महत्त्वाचं नव्हतं. मी आठवडाभर दुसऱ्यांच्या केसभर चुकीला लाल चिठ्ठ्या लावायच्या आणि रविवारी स्वतः बाहीखाली लपवून उभं राहायचं? आणि वर कोणी म्हणणार, बाईमाणूस म्हणून सोडलं. मी पिस्तूल पेटीत ठेवलं, मिशीवाल्यांना नमस्कार केला आणि एकही गोळी न झाडता घरी आले. पुढची मॅच आमच्या क्लबच्या संघनिवडीची होती. त्या मॅचला मी मोकळ्या हातानं उभी राहणार होते, नाहीतर उभीच राहणार नव्हते.

घरी येऊन मी जाहीर केलं, "पाटली कापून टाकणार आहे."

नवरा पेपर वाचत होता, त्यानं पान उलटलं. तो एग्मोरच्या एका सरकारी कचेरीत आहे आणि गोंधळात न पडण्याचं शिक्षण त्याला तिथं मिळालंय. सासूबाई मात्र डोशाचं पीठ ढवळताना थांबल्या. त्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. त्या तंजावरच्या, त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा कितीतरी जुनी. माझं बोलणं त्यांना कायम भांडल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा मी भांडतच असते, तो भाग वेगळा.

"कापणें म्हणूं नको गे," अम्मा म्हणाल्या.

बरोबर होतं. आमच्याकडंही बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी म्हणाले, "बरं, वाढवणार आहे."

"डाव्या हातानें मार की. नियम उजव्या हाताला आहे, म्हणालीस."

"डाव्या हातानं मला भाजीसुद्धा चिरता येत नाही, अम्मा."

"तर मारूं नको. अस्कं सोड." सगळं म्हणजे त्यांच्या मराठीत अस्कं.

मी चिडले. मी म्हणाले, या कुठल्या जमान्यातल्या गोष्टी, खालच्या मजल्यावरच्या बाईंचे यजमान जाऊन किती दिवस झाले, त्या दोन्ही हातांत बांगड्या घालून झुंबाला जातात, आणि इथं नवरा समोर पेपर वाचत बसलाय तरी मी हात मोकळा करायचा नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. अम्मांनी पिठाचं झाकण लावलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांचे दोन्ही हात उघडे. या घरात आल्यापासून मी ते तसेच बघितले होते. माझे सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेलेले.

मग त्यांनी मला सासरे गेले त्या दिवसाचं सांगितलं. त्यांच्याही हातातली सोन्याची निघत नव्हती. काचेच्या सहज गेल्या, ही अडकली. घर माणसांनी भरलेलं, मुलगा शाळेच्या कपड्यांत एका कोपऱ्यात. थोरल्या जावेनं, म्हणजे अक्कानं, कोणाकडून तरी कातर-पक्कड मागवली.

"मला कोणी विचारलें नाहीं," अम्मा म्हणाल्या. "अक्कानें हात धरला. कट्ट झालें. अजून ऐकूं येतें."

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. त्यांच्यावर नाही, त्या पक्कडीवर. पण मी मागं हटले नाही. मी म्हणाले, "अम्मा, तुमची दुसऱ्यांनी कापली. माझी मी कापून घेतेय. दोन्हीत फरक आहे."

"हाताला तो फरक कळत नाहीं, गे."

 

शनिवारी मी एग्मोरच्या गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या आसारीकडं गेले. आसारी म्हणजे सोनार. नाकातल्या चमकीपासून सगळं त्याच्याकडं. हात पुढं केला आणि म्हणाले, ही काढायची आहे. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मा... सार?"

माझा नवरा गेला की काय, असं त्याला विचारायचं होतं.

"सार ठणठणीत आहेत. ऑफिसात आहेत."

"मग कशाला?"

"पिस्तूल मारायला."

यानं परिस्थिती सुधारली नाही. त्यानं हातातली अवजारं बाजूला ठेवली. त्याच्या दुकानात सुवासिनीच्या हातातली आजवर अशी कापली गेली नव्हती आणि तो ते करणार नव्हता. मी समजावलं, दरडावलं, नियम सांगितला. तो आपला मान हलवत राहिला. शेवटी मी नवऱ्याला फोन केला. शनिवार असूनही तो हिशेब संपवायला कचेरीत होता. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत इकडं या, तुम्ही जिवंत असल्याचा पुरावा पाहिजे. आणि तो आला. घामाघूम होऊन, हातात डबा घेऊन. आसारीनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, दोनदा निरखून बघितलं. नवरा म्हणाला, "माझी काही हरकत नाही. तिला हरकत आहे असं काही करायची माझी हिंमतही नाही." मग तो माझ्या शेजारी बसून डबा उघडून दहीभात खाऊ लागला आणि तो खातोय हे दिसत असतानाच आसारीनं करवत लावली.

कट्ट असा आवाज झाला नाही. बारीक किरकिर झाली, एवढंच. पाटली उघडली तेव्हा खालची कातडी पांढरी आणि ओली होती. मी बोटं हलवून बघितली. आसारी म्हणाला, आता एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला फिरकी बसवतो. म्हणजे पाहिजे तेव्हा उघडा, पाहिजे तेव्हा घाला. मला ते आधी सुचायला पाहिजे होतं. घरी जाऊन मी अम्मांना पाटली उघडून, मिटून, पुन्हा उघडून दाखवली. त्यांनी फिरकी दोन बोटांत धरून बराच वेळ फिरवली. "हें तेव्हां कोणाला सुचलें नाहीं," एवढंच म्हणाल्या.

निवडीच्या मॅचच्या दिवशी अम्मा पहाटे अंघोळ करून, कडक इस्त्रीची साडी नेसून तयार. म्हणाल्या, मी येत्यें. मी विचारलं, कशाला? तर पाटली काढल्यावर ठेवणार कोणाकडे? रेंजवर कुलपाची सोय नाही, हे त्यांनी मुलाकडून काढून घेतलं होतं. गाडीत मी श्वास मोजत होते आणि त्या, माझा अंदाज आहे, स्तोत्र म्हणत होत्या.

टेबलाच्या रांगेजवळ बाक होता, तिथं त्यांना बसवलं. मी फिरकी काढून पाटली त्यांच्या हातात दिली. त्या पदराच्या टोकाला गाठ मारायला लागल्या.

"पदरात हरवेल, अम्मा. हातात घाला."

त्यांनी हात असा मागं घेतला की जणू मी चटका दिलाय. रांग पुढं सरकत होती. माझ्या स्वभावाप्रमाणे मी त्यांचा हात धरून पाटली अडकवून मोकळी झाले असते. पण मला ते वाक्य आठवलं, मला कोणी विचारलें नाहीं. मी थांबले. मी विचारलं, "घालू का?"

अम्मांनी आजूबाजूला बघितलं. तिथं सगळे अनोळखी, बुटांच्या नाड्या बांधणारे, पिस्तुलं पुसणारे. कोणाचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी उजवा हात हळूच पुढं केला. मी फिरकी घट्ट केली आणि रांगेत उभी राहिले.

टेबलाशी तेच पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. आणि माझ्यापुढं तोच निळ्या टी-शर्टवाला, आज हिरव्या टी-शर्टात. आमचं जग लहान आहे, सगळ्या मॅचना तीच माणसं. त्याचं पिस्तूल पेटीत बसलं, ट्रिगर पास झाला, बूट पास झाले. आणि त्याच्या उजव्या मनगटावर देवळातला लाल-काळा दोरा, एकावर एक असे कितीतरी फेरे, चांगला बोटभर जाड. मिशीवाल्यांनी बघितलं आणि म्हणाले, "सरि, पोंगो." ठीक, जा.

मी पुढं झाले. माझा उघडा हात टेबलावर ठेवला. मिशीवाले खूश झाले. "पाहा, निघाली की!"

"निघाली नाही, कापली. नवऱ्याला शेजारी जिवंत बसवून कापली. आता मला सांगा, तो दोरा कसा पास झाला?"

"ते सामी कयिरु आहे, मा. देवाचा दोरा. सेंटिमेंट."

"मग माझी पाटली काय भंगारातली होती?"

हिरवा टी-शर्ट वळला. म्हणाला, दोऱ्यानं नेम थोडाच सुधारतो. मी म्हणाले, पाटलीनंही सुधारत नव्हता, तरी तुम्ही सवलत म्हणालात. तो म्हणाला, एवढं कशाला ताणायचं, कोंजम अ‍ॅडजस्ट करा. झालं. त्यानं ते वाक्य माझ्यासमोर उच्चारायला नको होतं. मी टेबलासमोरून हललेच नाही. मागं रांग तुंबली. नियमाचं पुस्तक टेबलावरच होतं. मी म्हणाले, उघडा, आणि देवाचा दोरा चालतो असं कुठं लिहिलंय ते मला दाखवा, मी आत्ता जाऊन मनगटभर दोरे बांधून येते. मग संतापून मराठीतच म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तिथं ते कोणालाच कळलं नाही. बाकावर मात्र कोणीतरी मोठ्यानं हसलं. अम्मांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आमच्याकडं घाबरट पुरुषाला म्हणतात, हातात बांगड्या भर. लहानपणापासून ऐकत आले. त्या दिवशी मला वाटलं, ही म्हण काढणाऱ्यानं एकदा या टेबलाशी येऊन उभं राहावं.

मिशीवाल्यांनी पुस्तक उघडलं, वाचलं, मिशीवरून हात फिरवला. मग उभे राहिले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले की पिस्तूल धरायच्या हातावर काहीही चालणार नाही, दोरासुद्धा नाही. हिरवा टी-शर्ट माझ्याकडं असा बघत होता की जणू देव आता माझं काहीतरी करणारच. त्यानं दोऱ्याला कात्री लावू दिली नाही. नळावर गेला, हात ओला केला आणि दोरा कुरवाळत कुरवाळत अख्खा काढून खिशात ठेवला. रांगेतले आणखी काहीजण गुपचूप आपापली मनगटं सोडवायला लागले. कोणीतरी पुटपुटलं, काय बाई आहे. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. उलट छान वाटलं.

अर्थात पहिल्या काही गोळ्या भलतीकडं गेल्या, कारण राग अजून उतरला नव्हता. रागाला कुठलंही टेबल तपासत नाही. मग मी पिस्तूल खाली ठेवलं, डोळे मिटले, मनगट मोकळं आहे हे जाणवेपर्यंत थांबले आणि पुन्हा उचललं. संघात माझं नाव आलं, सगळ्यात शेवटचं. हिरव्या टी-शर्टनं माझ्यापेक्षा बरंच चांगलं मारलं. मी त्याच्याकडं गेले आणि म्हणाले, "बघा, दोऱ्याशिवाय." तो हसू दाबत होता, पण हसला.

मी बाकाशी आले तेव्हा अम्मा डाव्या हातानं उजवं मनगट झाकून बसल्या होत्या. मला बघून फिरकीला हात घातला. मी म्हणाले, "राहू द्या. पुढच्या मॅचला पुन्हा काढायचीच आहे." त्यांनी वाद घातला नाही. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि पाटली त्यांच्या हाडकुळ्या हातात सैल फिरत होती. घरी आल्यावर नवऱ्यानं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पेपरचं पान उलटलं.

नवरात्रात आमच्याकडं बाहुल्यांची कोलू, म्हणजे पायऱ्यांवरची आरास, मांडली होती. अम्मांच्या थोरल्या जाऊबाई आल्या. त्याच, ज्यांनी तेव्हा हात धरला होता. आता त्यांना गुडघ्यांमुळं खाली बसवत नाही, पण नजर शाबूत. अम्मांकडून सुंडलची, म्हणजे हरभऱ्याच्या सुक्या उसळीची, वाटी घ्यायला त्यांनी हात पुढं केला आणि तो तसाच राहिला.

"काय गे हें?" त्या अम्मांना म्हणाल्या. "तुझ्या हातांत?"

माझं तोंड उघडलं होतं. बरंच काही तयार होतं आत. अम्मांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं.

"नियम आहे, अक्का," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "पिस्तूल धरणाऱ्या हाताला अस्कं वर्ज्य. म्हणून हिच्या हातांत नाहीं." मग पाटली थोडी वर सरकवली. "मी कोठें पिस्तूल धरत्यें?"

आणि सुंडलची वाटी त्यांनी त्याच हातानं जावेपुढं केली.